वीज गेल्यावर फिल्टरमधले जीवाणू कसे जगवावेत?

आपल्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत शंभर लिटरची मत्स्यपेटी आहे. यंदा तिची देखभाल माझ्याकडे आहे. वीज गेली की मित्र विचारतात, "मासे जगतील ना?" माशांची काळजी घ्यायचीच, पण फिल्टरमधल्या जीवाणूंचीही घ्यायला हवी. ते मेले, तर वीज आल्यानंतरही मासे मरू शकतात.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या कड्यांवर राहणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य. या क्रियेतूनच जीवाणूंना ऊर्जा मिळते, हे १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की यांनी दाखवून दिले. हे जीवाणू फार सावकाश वाढतात. नव्या पेटीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

त्यांना ऑक्सिजन मात्र भरपूर लागतो. अमोनियातील १ ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला सुमारे ४.५ ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ७.५ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे वाहते पाणी ही या जीवाणूंची रसद आहे. वीज जाताच ती तुटते. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो, कारण गाळ कुजवणारे इतर जीवाणूही तो वापरतात. उपासमार आपले जीवाणू काही दिवस सोसतात. ऑक्सिजन नसला तर त्यांचे काम लगेच थांबते आणि वेळ लांबली तर ते मरू लागतात.

गेल्या पावसाळ्यात वादळाने विजेचे खांब पडले आणि सात तास वीज नव्हती. तेव्हा मी पुढील क्रमाने काम केले :

१. फिल्टरचा प्लग काढला. वीज अचानक आली, तर डब्यातले कुजके पाणी पेटीत जाऊ नये.
२. स्पंज आणि कडी जाळीच्या पिशवीत भरून पेटीतच, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ टांगली.
३. दर पंधरा मिनिटांनी मगभर पाणी काढून वीतभर उंचीवरून पिशवीवर ओतले. अंधार पडल्यावर बॅटरीवरचा हवेचा पंप लावला.
४. माशांना खाणे दिले नाही. खाणे कमी, तर अमोनियाही कमी.

वीज आल्यावर डब्यातले जुने पाणी फेकून दिले. स्पंज पेटीतल्याच पाण्यात हलकेच खळबळला. तो नळाखाली कधीही धुऊ नये. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जीवाणूंना मारते. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी अमोनिया तपासला. तो वाढलेला नव्हता. वाढला असता, तर क्लोरीन काढलेले पाणी घालून पेटीतले पाव पाणी बदलावे लागले असते.

जाळीची पिशवी, मग, टॉर्च आणि बॅटरीचा पंप मी आता पेटीखालच्या कपाटात एकत्र ठेवले आहेत. तुमच्या घरी मत्स्यपेटी असेल, तर सुटीत गेल्यावर एवढी तयारी जरूर करून ठेवा आणि घरच्यांनाही हा क्रम समजावून सांगा. वीज जाईल तेव्हा तुम्ही वसतिगृहात असाल!