विद्यापीठाचा रेडिओ

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन शहरी विद्यापीठ आहे. तिथला मध्यम लहरींचा रेडिओ फार जुना. १९१६ साली तो शेतकऱ्यांना हवामान सांगे, पण तारेच्या कड्‌-कट्ट भाषेत. ती सगळ्यांना कशी कळणार? माणसाचा आवाज पाठवायला काचेचे व्हॉल्व्ह लागत. टेरी नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी ते हातानेच बनवत. पुष्कळ वाया गेले. तरी परत करायचेच! १९२१ पासून हवामान बोलून सांगू लागले. १९२२ साली केंद्राला डब्ल्यू.एच.ए. नाव मिळाले.

१९३१ पासून शाळांसाठी धडे सुरू झाले. खेड्यात सगळ्या इयत्ता एकाच खोलीत, एकच बाई. आमच्या शाळेतही दोन वर्ग एकत्र बसतात. गॉर्डन सर रेडिओवरून गाणे शिकवत. मुले वर्गात गात, पण सरांना ती ऐकू येत नसत. मग मुले मॅडिसनला जमून सगळी एकदम गायली.