मसाई माराला जाताना सापांची धास्ती

प्रश्न : जुलैत आईबाबांना घेऊन केनियात मसाई माराला निघालो आहोत. ब्लॅक माम्बाचे व्हिडिओ पाहून आईची झोप उडाली आहे. सर्पदंशाचं इंजेक्शन इथूनच न्यावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नेऊ नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी बनतं. आफ्रिकेतल्या सापांवर त्याचा भरवसा नाही. शिवाय त्याची जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते, म्हणून प्रतिविष रुग्णालयातच द्यावं लागतं.

माम्बा माणसाची चाहूल लागताच सटकतो, हे आईंना जरूर सांगा. जपायचं ते पफ ॲडरपासून. हा जाडजूड साप पायवाटेवर पाचोळ्याच्या रंगात मिसळून निपचित पडून राहतो आणि पाय पडला की चावतो. सफारीत बहुतेक वेळ गाडीतच जातो. कॅम्पवर मात्र अंधारात बॅटरीशिवाय आणि बुटांशिवाय पाऊल टाकू नये. सकाळी बूट झटकूनच घालावेत.

दंश झालाच, तर माणसाला आडवं करून धीर द्या. सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढा. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा आणि लगेच गाईडमार्फत रुग्णालय गाठा. चिरा देणं, विष चोखणं, आवळून दोरी बांधणं, बर्फ लावणं, यातलं काहीही नको. सापाच्या मागे धावू नका. थुंकणाऱ्या नागाचं विष डोळ्यांत गेलं, तर भरपूर पाण्याने डोळे धूत राहा.

निघण्यापूर्वी प्रवास विम्यात विमानाने रुग्णालयात हलवण्याची सोय आहे ना, एवढं तपासा.