आगोटीपूर्वीची शिवण आणि पावसाळी परसबाग

वैशाखाच्या उत्तरार्धात, जेव्हा घरोघरी पापड-कुरडयांची वाळवणे आटोपत आलेली असतात, जुनी लुगडी व धोतरे काढून गोधड्यांचे थर लावले जात असतात आणि कुळवाच्या पाळ्या संपवून शेतकरी आभाळाकडे लक्ष लावून बसलेला असतो, तेव्हाच आणखी एका कामाची तजवीज करून ठेवावी, अशी आमची शेतकरी कुटुंबांना आणि गच्ची किंवा पडवी एवढीच जागा हाती असलेल्या नवोदितांनाही आग्रहाची शिफारस आहे. पावसाळी परसबागेला लागणारे सारे शिवणकाम, म्हणजे माती भरण्याच्या पिशव्या, रोपांवरचे आच्छादन, वेल बांधण्याच्या पट्ट्या, फळांवर चढवण्याच्या थैल्या आणि बियांच्या पुरचुंड्या, घरात पडून असलेल्या जिनसांतून आताच उरकून घ्यावे. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. एकदा वाफसा आला की पेरणीच्या धांदलीत घरातला एकही हात मोकळा राहत नाही, आणि धुतलेले पोते वाळवण्याइतके ऊनही मग मिळत नाही.

परसबाग ही काटकसरीची गोष्ट आहे असे सर्वजण म्हणतात. परंतु तिचा जमाखर्च मांडून पाहणारे थोडे. रंगीत कुंड्या, तयार मातीच्या पिशव्या आणि नाना प्रकारची अवजारे विकत आणून जो आरंभ करतो, त्याचा पहिल्या वर्षाचा भाजीपाला बाजारभावाच्या कितीतरी पट महाग पडतो, आणि दुसऱ्या वर्षी त्या कुंड्या रिकाम्या पडलेल्या दिसतात. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, नवोदिताने पहिल्या हंगामात बियाण्याखेरीज दुसऱ्या कशावरही पैसा खर्च करू नये. तसे करणे शक्य आहे. मात्र त्यासाठी घरातील कोणते कापड कोणत्या कामाला योग्य, याची पारख हवी.

ही पारख धाग्यापासून सुरू होते. सुती कापड आणि तागाचे गोणपाट ओल्या मातीत कुजते. त्यातील सेल्युलोज हे मातीतल्या जिवाणू-बुरशींचे अन्नच असल्यामुळे नुसत्या सुती पिशवीचा तळ एका पावसाळ्यातच जीर्ण होतो. उलट खताची व सिमेंटची विणलेली प्लास्टिकची पोती मातीत कुजत नाहीत, पण उन्हातील अतिनील किरणांनी त्यांचे धागे ठिसूळ होऊन बोटांनी चुरगळू लागतात. एकाचा शत्रू ओल, तर दुसऱ्याचा ऊन. तेव्हा माती धरण्यास आत पोते आणि त्यावर ऊन अडवण्यास जुन्या विजारीचा, चादरीचा किंवा गोणपाटाचा अभ्रा, अशी जोडी बांधली तर ती दोन-तीन हंगाम निर्वेध टिकते. कापड सुती की कृत्रिम याची शंका असल्यास त्याचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा: सुती धागा जळत्या कागदासारखा वास देऊन मऊ करडी राख सोडतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी बनतो, आणि राख व मणी दोन्ही दिसले तर कापड मिश्र आहे असे समजावे. हाच नियम शिवणीच्या दोऱ्यालाही लागू आहे. पोते भक्कम आणि दोरा सुती असेल तर श्रावणात पिशवी शिवणीवरच उसवते. म्हणून मातीशी संबंध येणारी प्रत्येक शिवण नायलॉनच्या दोऱ्याने किंवा मासेमारीच्या तंगुसाने घालावी.

पोत्यांच्या निवडीत एक खबरदारी कटाक्षाने घ्यावी. कीटकनाशके, तणनाशके अथवा औषध चोळलेले बियाणे ज्यात आले होते, असे पोते भाजीसाठी कितीही वेळा धुतले तरी वापरू नये. सिमेंटचे पोते घेतल्यास ते झटकून, भिजवून, दोन-तीन पाण्यांतून काढावे, कारण त्याच्या विणीत अडकलेली भुकटी विम्लधर्मी असते. आणि खताच्या पोत्याच्या आत पातळ अस्तर असल्यास ते काढून टाकावे.

आता प्रत्यक्ष शिवण. पन्नास किलोच्या मापाचे पोते सपाट पसरले असता सामान्यतः ५५ सें.मी. रुंद व ९० सें.मी. उंच भरते. ते मधोमध आडवे कापले की दोन पिशव्या होतात. खालच्या अर्ध्याला तळ मूळचाच असतो, वरच्याला तो शिवून घ्यावा लागतो. कापलेल्या कडेच्या दशा फार सुटतात, म्हणून कड दोनदा दुमडून मगच टीप घालावी. पिशवी तशीच भरली तर ती बोचक्यासारखी गोल होऊन कलंडते. ती चौकोनी बसावी म्हणून तळाचे कोपरे बांधायचे असतात. पिशवी उलटी करून तळाचा एक कोपरा असा चिमटीत धरावा की तळाची शिवण आणि बाजूची घडी एकमेकींवर येऊन त्याचा त्रिकोण होईल. त्रिकोणाच्या टोकापासून १३ ते १४ सें.मी. आत आडवी रेघ ओढली म्हणजे ती सुमारे २७ सें.मी. लांब भरते, तीवर दाभणाने उलटी टीप घालावी, दुसरा कोपराही तसाच बांधावा, आणि दोन्ही त्रिकोण कापून न टाकता तळाकडे दुमडून चार टाक्यांनी अडकवावेत, म्हणजे तळाला दुहेरी बळकटी येते. पिशवी सुलटी करून वरची कड बाहेर दुमडली की २७ सें.मी.चा चौरस तळ व सुमारे २५ सें.मी. खोली मिळते. पालेभाजी, मिरची आणि भेंडीच्या एखाद-दुसऱ्या झाडाला एवढे पुरते. वांगी-टोमॅटोसाठी मात्र पोते न कापता त्याचेच कोपरे बांधून तोंड ४५ सें.मी. खोलीपर्यंत गुंडाळावे. शिवणयंत्रावर काम करणाऱ्यांनी १८ नंबरची सुई घालून टाका लांब ठेवावा, कारण जवळजवळच्या बारीक टाक्यांनी पोत्याला ओळीने भोके पडून ते तिथेच फाटते. तळाला व तळालगतच्या बाजूंना तापवलेल्या दाभणाने सहा-आठ भोके पाडावीत. वितळून पडलेल्या भोकाची कड उसवत नाही. हे काम उघड्यावर करावे, धूर नाकातोंडात जाऊ देऊ नये.

शिवण चालू असतानाच माती उन्हाला लावून ठेवावी. माती किंचित ओली करून ती वीतभर जाडीने पसरावी, वर जुन्या गादीचे पारदर्शक वेष्टन अंथरून कडा मातीने दाबाव्यात आणि ती चार ते सहा आठवडे, निदान तीन आठवडे तरी तशीच तापू द्यावी. त्या उष्णतेने तणांचे बी, सूत्रकृमी व रोगट बुरशी यांचा मोठा भाग नष्ट होतो. काळ्या प्लास्टिकने हे साधत नाही, कारण ते स्वतः तापते, माती तितकी तापत नाही. मग दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत वा गांडूळखत आणि एक भाग वाळू किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा असे मिश्रण करून प्रत्येक पिशवीस मूठभर निंबोळी पेंड घालावी. देशावरच्या काळ्या मातीत वाळूचा भाग वाढवावा आणि चुलीची राख घालण्याचा मोह टाळावा. ती माती मूळचीच विम्लधर्मी असते. कोकणातील जांभ्याची माती आम्ल असल्याने तिला थोडी राख मानवते. पिशवी जेथे राहायची तेथेच, विटांच्या दोन ओळींवर ठेवून मग भरावी. ओली झाल्यावर लहान पिशवीसुद्धा २५ किलोंच्या घरात जाते. पागोळीखाली एकही पिशवी ठेवू नये. पागोळीची धार माती उडवून रोपांची मुळे उघडी पाडते, आणि पुष्कळांच्या पहिल्या बागेचा नाश एवढ्याच कारणाने होतो.

काय लावावे, याविषयी आमचा सल्ला संकोचाचा आहे: पहिल्या पावसाळ्यात चारपाच जातींच्या पलीकडे जाऊ नये. तांबडा माठ तीन-चार आठवड्यांत खुडायला येतो आणि नवशिक्याचा हुरूप टिकवतो. भेंडीचे बी रात्रभर भिजवून दोन-अडीच सें.मी. खोल टोकावे, दीड-पावणेदोन महिन्यांत तोडणी सुरू होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने निर्माण केलेला ‘परभणी क्रांती’ हा सुधारित वाण घरच्या बागेस चांगला आहे. चवळी जमिनीला नत्र देते आणि फारशी निगा मागत नाही. मिरचीचे बी आताच लहान खोक्यात पेरावे, म्हणजे ३५ ते ४५ दिवसांची रोपे आषाढात लावता येतील. दोडका किंवा कारले यांपैकी एकच वेल मांडवावर चढवावा. मेथी-कोथिंबिरीची घाई करू नये; मुसळधार पावसात त्या सडतात, तेव्हा पाऊस ओसरल्यावर धने रगडून दोन दळे करून पेरावेत.

मिरची व टोमॅटोच्या रोपांवर पहिल्या महिन्यात पांढरी माशी आणि फुलकिडे बसले तर पाने चुरडतात व पुढे झाड सुधारत नाही. रोपवाटिकेवर जाळी टाकावी असे कृषी विद्यापीठे सांगतात. पुष्कळ घरांतून त्यासाठी जुनी मच्छरदाणी वापरली जाते. ती पक्षी, नाकतोडे व फुलपाखरे अडवते, परंतु पांढरी माशी तिच्या छिद्रांतून सहज आत शिरते. त्याऐवजी जुन्या पांढऱ्या वॉईलच्या किंवा मलमलीच्या साडीचा एकेरी पदर घ्यावा, चारही कडांना नेफा करून त्यात वेताची किंवा तारेची कमान ओवावी, आणि कडा मातीत दाबून टाकाव्यात. कापड रंगीत नसावे, प्रकाश अडतो. रोपे लावण्यापूर्वी आठवडाभर ते हळूहळू काढत जावे. झाडे वाढू लागली की आधाराला बांधण्यासाठी सुतळी वापरू नये, ती कोवळ्या खोडात रुतते. जुन्या बनियनच्या दोन बोटे रुंद पट्ट्या कापून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फेरा घालावा, म्हणजे खोड जाडावले तरी पट्टी ताणली जाते.

सर्वांत मोठा लाभ मात्र एका लहानशा थैलीचा आहे. कारले, दोडका, काकडी यांच्या कोवळ्या फळात फळमाशी अंडी घालते; आतील अळ्यांनी फळ वाकडे होते, पिवळे पडते आणि सडते, व त्यानंतर केलेल्या फवारणीचा काहीएक उपयोग नसतो. यावर निर्विष आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे फळ झाकणे. जुन्या धोतराच्या किंवा ओढणीच्या वीतभर रुंद व दीड वीत लांब थैल्या शिवाव्यात, तोंडाशी नेफा व नाडी करावी, आणि मादी फुलाच्या पाकळ्या कोमेजून मागचे फळ करंगळीएवढे झाले की त्याच दिवशी थैली चढवून नाडी देठाशी अलगद आवळावी. फूल उमललेले असताना थैली घातली तर मधमाशी पोचत नाही आणि फळच धरत नाही. चार दिवस उशीर केला तर माशीने आपले काम केलेले असते. मादी फूल ओळखणे सोपे आहे, त्याच्या मागे इवलेसे फळ आधीच असते. थैल्या वारंवार धुऊन वापरता येतात. किडलेली फळे मात्र बागेत टाकू नयेत, अळ्या मातीत कोष करतात. ती झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून मारावीत.

आषाढात कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून सुती पिशवीत भरून ठेवाव्यात. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी धोतराच्या दुहेरी पदरातून गाळली आणि साबणाचा किंचित फेस मिसळला की मावा-तुडतुड्यांवर फवारण्याचा पाच टक्क्यांचा अर्क घरीच तयार होतो. तो संध्याकाळी फवारावा व त्याच दिवशी संपवावा.

उरलेल्या चिंध्यांच्या बियांच्या पुरचुंड्या शिवाव्यात. पूर्ण वाळलेले बी कापडात श्वास घेते. प्लास्टिकमध्ये ओल अडकली तर ते बुरसते. संकरित वाणाचे बी धरू नये, त्याची पुढची पिढी एकसारखी निघत नाही. माठ, चवळी आणि सुधारित भेंडीचे बी मात्र निरोगी, जोमदार झाडावर पक्व होऊ देऊन खुशाल धरावे व पुरचुंडीवर वाणाचे नाव आणि वर्ष दोऱ्याने काढावे.

पहिल्या वर्षीचे बी विकत घ्यावेच लागेल. जूनच्या पहिल्या आठवड्यात कृषी सेवा केंद्रांवर सोयाबीन व कपाशीच्या बियाण्यासाठी रांगा लागतात आणि भाजीच्या लहान पाकिटांकडे लक्ष द्यायला दुकानदाराला फुरसत नसते. तेव्हा मे महिना संपण्यापूर्वीच जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रात जाऊन चौकशी करावी, पाकिटावरील वापरण्याची मुदत पाहूनच ते घ्यावे आणि पावती जपून ठेवावी.