शून्य दराचा हिशेब

तंत्रज्ञानविषयक शासकीय धोरण आणि नवउद्योग यांचा संबंध म्हटला की करसवलत, अनुदान आणि नोंदणीचे प्रमाणपत्र यांचीच चर्चा बहुधा होते. २०१२ मध्ये आलेला आणि २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द केलेला ‘एंजल टॅक्स’ही बराच गाजला. या विषयांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु कर्जप्रस्ताव तपासताना मला वारंवार जाणवले ते असे की, शासन नवउद्योजकाला काय देते यापेक्षा ते कोणत्या सेवेची किती किंमत ठरविते, यावर त्याचे भवितव्य अधिक अवलंबून असते. यूपीआयचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर डॉ. रघुराम राजन यांच्या हस्ते २१ बँकांसह या प्रणालीचा प्रायोगिक प्रारंभ झाला. ऑगस्टमध्ये बँकांची अ‍ॅप्स ग्राहकांपर्यंत पोहोचली, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि ३० डिसेंबरला ‘भीम’ आले. तोपर्यंत मोबाइल वॉलेट ही एक प्रकारची बंदिस्त वाडी होती. एका कंपनीच्या वॉलेटमधून दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये पैसे जात नसत. यूपीआयने या वाड्यांच्या भिंती पाडून मधून सार्वजनिक रस्ता काढला. एखाद्या बँकेशी करार करून लहानशी कंपनीही त्या रस्त्यावर येऊ शकली. ज्यांनी भिंती बांधण्यावर भांडवल खर्च केले होते, त्यांना अर्थातच हा बदल जड गेला.

आता रस्त्यावरील टोलकडे वळू. ग्राहकाने दुकानात डिजिटल पद्धतीने पैसे दिले की दुकानदाराच्या रकमेतून अल्पसा भाग कापून घेतला जातो, त्यास मर्चंट डिस्काउंट रेट अथवा एमडीआर म्हणतात. १ जानेवारी २०१८ पासून वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या दुकानदारासाठी डेबिट कार्डावरील हा दर कमाल ०.४० टक्के होता. म्हणजे ३०० रुपयांच्या खरेदीवर फार तर १ रुपया २० पैसे. दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवरील हा भार दोन वर्षे शासनाने स्वतः उचलला. रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु बँक, व्यवहार जोडून देणारी कंपनी आणि तिचे सॉफ्टवेअर लिहिणारा तरुण यांचे उत्पन्न याच सुट्या पैशांतून येत असे.

असा एक तरुण २०१९ च्या हिवाळ्यात माझ्यासमोर बसला होता. मी तेव्हा बंगळुरू येथील शाखेत कर्जविभागात होते. तो मूळचा सोलापूरचा. माझे आडनाव वाचताच मराठीत बोलू लागला. (ग्राहकाची याहून अधिक ओळख देणे उचित नव्हे.) किराणा दुकानदाराच्या क्यूआर कोडवर जमा होणारी रक्कम आपोआप त्याच्या वहीखात्यात नोंदविणारे सॉफ्टवेअर त्याने तयार केले होते. दुकानदाराकडून तो काहीही घेत नसे. प्रत्येक व्यवहारातील एमडीआरचा लहानसा वाटा त्याला मिळे. त्याला २५ लाख रुपयांचे खेळते भांडवल हवे होते आणि तारण म्हणून वडिलांचे सोलापुरातील घर होते. अंदाजपत्रक नेटके होते. मी अनुकूल टिपण लिहिण्यास घेतले.

२८ डिसेंबर २०१९ रोजी अर्थमंत्र्यांनी घोषणा केली की, १ जानेवारी २०२० पासून रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर एमडीआर राहणार नाही. देयक व समायोजन प्रणाली अधिनियम, २००७ मध्ये त्यासाठीची तरतूद आधीच झाली होती. जुलैच्या अर्थसंकल्पात तिचा उल्लेखही होता. तो आम्हा दोघांच्याही वाचनातून निसटला होता, हे मी येथे मोकळेपणाने नोंदवते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो आला. त्याच्या तक्त्यातील उत्पन्नाचा मुख्य रकाना आता शून्य झाला होता. प्रस्ताव त्याने स्वतःच परत घेतला. घराची कागदपत्रे उचलताना तो एवढेच म्हणाला, “मॅडम, व्यवहार वाढले तर आता माझा फक्त खर्च वाढणार.”

धोरण चुकीचे होते काय? तसे म्हणवत नाही. पंधरा रुपयांच्या चहासाठी कोणी कपात सोसली नसती, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला, त्यामागे शून्य दराचा वाटा मोठा आहे. मात्र सर्व्हर, सुरक्षा आणि तक्रार निवारण यांचा खर्च शून्य झालेला नाही. आपल्या बँकेच्या माहिती तंत्रज्ञान विभागातील सहकाऱ्यांना हे सांगायला नको! शासन त्यापोटी प्रोत्साहन रक्कम देते. २०२२-२३ साठी २,६०० कोटी, तर २०२४-२५ साठी सुमारे १,५०० कोटी रुपये मंजूर झाले. २०२४-२५ च्या योजनेत लहान दुकानदाराच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर ०.१५ टक्के, म्हणजे हजार रुपयांमागे दीड रुपया मिळत असे, आणि तो प्रथम दुकानदाराच्या बँकेकडे जाऊन मग इतरांत वाटला जात असे. दरवर्षी बदलणाऱ्या अशा रकमेवर तीन वर्षांचे अंदाजपत्रक कसे उभे करावे, हा प्रश्न नवउद्योजकापुढे राहतोच.

परिणाम असा झाला की, उत्पन्नाविना दीर्घकाळ तग धरू शकतील अशाच कंपन्या या क्षेत्रात मोठ्या झाल्या. आज दोन अ‍ॅप्सकडे मिळून सुमारे ८० टक्के व्यवहार आहेत. एका अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक नसावा, असे एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरविले. त्याची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेली. लहानांसाठी केलेला नियम लांबणीवर पडणे हेही धोरणच होय, असे माझे मत आहे. अन्य कंपन्यांनी रस्ता सोडून रस्त्याकडेला दुकाने थाटली: ‘पैसे प्राप्त झाले’ असे बोलणाऱ्या साउंडबॉक्सचे मासिक भाडे, विमा आणि प्रामुख्याने दुकानदारांना मिळवून दिलेली कर्जे.

आमच्या सोलापूरकरानेही हाच मार्ग धरला. दुकानदाराची जमाखर्चाची नोंद, त्याच्या संमतीने, कर्ज देणाऱ्या संस्थांपुढे ठेवायची आणि त्यांच्याकडून शुल्क घ्यायचे. २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या: कर्जाची रक्कम मध्यस्थाच्या खात्यातून न जाता थेट कर्जदाराच्या खात्यात जावी, आणि मध्यस्थाचे शुल्क कर्जदाराने नव्हे, तर कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यावे. या सूचनांनी अनेकांची घडी विसकटली. याची विसकटली नाही, कारण पैसा स्वतःच्या खात्यातून फिरवायचा नाही, हे पथ्य त्याने पहिल्या दिवसापासून पाळले होते.

२०२३ मध्ये तो पुन्हा प्रस्ताव घेऊन आला. या वेळी तक्त्यात एक रकाना अधिक होता. उत्पन्नाच्या प्रत्येक बाबीसमोर, उद्या एखाद्या परिपत्रकाने ती बंद झाली तर कंपनी किती महिने टिकेल, याचा आकडा त्याने लिहिला होता. सर्वांत लहान आकडा सात होता. त्यावर आमची बरीच चर्चा झाली आणि मर्यादा १५ लाखांवर आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या स्टार्टअप पतहमी योजनेत त्याची कंपनी बसत असल्याने स्थावर तारणाची आवश्यकता भासली नाही. घराची कागदपत्रे सोलापुरातच राहिली.