एकच कॅब धरा: डिजिटल गिटारचा टोन स्थिर करण्याची कृती

प्रोसेसर किंवा लॅपटॉपवर गिटार वाजवणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. काल रात्री झकास लागलेला टोन आज कर्कश लागतो. मग ट्रेबल उतरवा, गेन कमी करा, दुसरा अॅम्प लावा, आणि काहीच जमेना की दुसरं कॅबिनेट (कॅब) लावून बघा. या शेवटच्या उपायाने आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते, कारण साखळीतल्या कुठल्याही नॉबपेक्षा कॅब बदलल्याने आवाज जास्त बदलतो.

गिटारचा स्पीकर हा घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरसारखा सरळमार्गी नसतो. सेलेस्टियन कंपनी आपल्या व्हिंटेज ३० या १२ इंची स्पीकरची मर्यादा ७० ते ५,००० हर्ट्झ एवढीच सांगते. त्याच्या वरचा डिस्टॉर्शनचा चरचराट तो गाळून टाकतो आणि २,००० ते ४,००० हर्ट्झच्या टापूत स्वतःचा उठाव देतो. डिजिटल साखळीत या कॅबची जागा आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स घेतो. हा उठाव, ही गाळणी, शिवाय समोरचा माईक आणि त्याची जागा, हे सगळं एका छोट्या वेव्ह फाईलमध्ये टिपलेलं असतं. तुमचा प्रत्येक स्वर तिच्यातून गेल्यावरच कानावर येतो. तेव्हा अॅम्पबद्दलचं तुमचं मतही खरं तर अॅम्प आणि कॅब या जोडीबद्दलचं असतं. मैफलीच्या मध्यात कुणी तंबोऱ्याचा षड्ज हलवत नाही. कॅबलाही तोच मान द्यायचा. ती एकदा नीट निवडायची, पक्की करायची, आणि पुढचे सगळे बदल तिच्या अलीकडे करायचे.

साहित्य

- ऑडिओ इंटरफेस (गिटारसाठीचा हाय-झेड इनपुट असलेला) किंवा मल्टिइफेक्ट प्रोसेसर
- आयआर लोड करता येईल असं सॉफ्टवेअर. न्यूरल अॅम्प मॉडेलर हे मोफत प्लगइन चालेल
- तीन किंवा चार आयआर, त्याहून जास्त नकोत
- ज्यावर तुम्ही रोज गाणी ऐकता तो हेडफोन किंवा मॉनिटर
- ड्रम आणि बासचा एक साधा ट्रॅक

१. कोरी गिटार रेकॉर्ड करा

अॅम्प, इफेक्ट काहीही न लावता अर्ध्या मिनिटाचं वादन नोंदवा. त्यात उघड्या तारांच्या कॉर्ड, खालच्या तारांवर दाबून वाजवलेली रिफ, आणि बाराव्या पडद्याच्या वरची एखादी सोलोची ओळ असू द्या. हा तुकडा लूपवर टाका. दर वेळी नव्याने वाजवलंत तर हाताचा जोर बदलतो, आणि फरक कॅबचा की हाताचा हे कळत नाही.

२. बाकीची साखळी स्वच्छ करा

रिव्हर्ब, डिले, इक्वलायझर बंद करा. अॅम्पचे बास, मिड, ट्रेबल मध्यावर आणा आणि गेन तुमच्या नेहमीच्या वापराएवढा ठेवा. इथे एक गोष्ट तपासा: न्यूरल अॅम्प मॉडेलरच्या काही फाईल फक्त अॅम्पच्या असतात, तर काहींमध्ये कॅब आणि माईकही आधीच टिपलेले असतात. दुसऱ्या प्रकारच्या फाईलवर आयआर चढवला तर आवाज दोन कॅबमधून गाळला जातो आणि गोधडीखालून आल्यासारखा दबतो. कॅब नसलेलीच फाईल निवडा.

३. उमेदवार वेगवेगळ्या घरांतले घ्या

चारही आयआर एकाच ४ × १२ चे आणि माईक अर्धा इंच इकडेतिकडे, अशी निवड निरुपयोगी. एक मागून उघडी १ × १२ किंवा २ × १२ घ्या. अशी कॅब स्वच्छ आवाजात मोकळी वाटते. एक मागून बंद ४ × १२ घ्या. हिच्यात खालचा स्वर घट्ट राहतो. ग्रीनबॅक आणि व्हिंटेज ३० हे दोन स्पीकर तरी समोरासमोर ठेवा, पहिला मऊ आणि दुसरा पुढे येणारा.

फाईलच्या नावात बहुतेक वेळा कॅबचा आकार, स्पीकर, माईक आणि माईकची जागा लिहिलेली असते. शुअर एसएम ५७ धार देतो, रॉयर आर १२१ हा रिबन माईक वरचा भाग मऊ करतो. माईक स्पीकरच्या मध्याकडे असेल तर आवाज उजळ, कडेकडे असेल तर गडद. हे दोन्ही माईक स्पीकरच्या जितके जवळ, तितका बास फुगतो. दोन माईकचं मिश्रण असलेली तयार फाईल चालेल, पण स्वतः दोन आयआर मिसळणं सध्या टाळा. त्यांची वेळ किंचित जरी मागेपुढे असली तरी काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात.

४. आवाजाची पातळी सारखी करा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि चुकीच्या निवडीचं कारणही बहुधा हीच असते. कानाला किंचित मोठा आवाज हमखास चांगला वाटतो, आणि प्रत्येक आयआरची पातळी वेगळी असते. लूप चालू ठेवून लाऊडनेस मीटरवर चारही आयआर एकाच आकड्यावर आणा. मीटर नसेल तर जो मोठा वाटतो तो खाली आणा. लहान आवाज वर ढकलू नका, नाहीतर क्लिपिंग सुरू होईल.

५. ट्रॅकमध्ये ठेवून, नाव न बघता निवडा

ड्रम आणि बास सुरू करा. एकटी ऐकताना भरदार वाटणारी कॅब पुष्कळदा बासच्या जागेत घुसते, आणि एकटी पातळ वाटणारी कॅब गाण्यात नेमकी बसते. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला आयआर बदलायला सांगा आणि तुम्ही पडद्याकडे पाठ करा. सर्वात सुंदर कोणती, हा प्रश्न बाजूला ठेवा. इक्वलायझरला हात न लावता कोणती कॅब तीनही तुकड्यांत, म्हणजे कॉर्ड, रिफ आणि सोलोत, त्रास देत नाही ते बघा. तीच तुमची कॅब. दहा-पंधरा मिनिटांत निर्णय झाला नाही तर थांबा. कान थकले की त्यांना उजळ आवाजाचीच सवय लागते.

६. निवड कुलूपबंद करा

निवडलेल्या फाईलला स्वतःचं साधं नाव द्या आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर ठेवा. प्रोसेसरमध्ये ती पहिल्या स्लॉटमध्ये टाका, बाकीचे आयआर काढून टाका. फाईलचा सॅम्पल रेट आणि लांबी टिपून ठेवा. लाइन ६ हीलिक्ससारख्या प्रोसेसरमध्ये आयआर १,०२४ किंवा २,०४८ सॅम्पलचा वापरता येतो. ४८ किलोहर्ट्झला तो अनुक्रमे साधारण २१ आणि ४३ मिलिसेकंद होतो. फरक मुख्यतः खालच्या स्वरांच्या घट्टपणात असतो. एका पॅचमध्ये छोटा आणि दुसऱ्यात मोठा असं करू नका.

७. दोन कट एकदाच लावा

कॅबच्या लगेच पुढे लो कट ८० ते १०० हर्ट्झ आणि हाय कट ६,००० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यान लावा. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. त्याखाली उरते ती हाताची धडधड आणि बासचा मुलूख. हे दोन आकडे आता कॅबचाच भाग समजा आणि सगळ्या पॅचमध्ये तेच ठेवा.

८. दुरुस्ती कॅबच्या अलीकडे करा

आता टोन खटकला की खालच्या क्रमाने जा.

- चिरका वाटतो: आधी गिटारचा टोन नॉब थोडा उतरवा, मग अॅम्पचा प्रेझेन्स, मग ट्रेबल.
- खालच्या तारा गुमगुमतात: डिस्टॉर्शनच्या आधीचा बास कमी करा. ट्यूब स्क्रीमर हे पेडल ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून अॅम्पच्या आधी लावण्याची जुनी युक्ती याच कामाची आहे. ते अॅम्पमध्ये जाणारा बास घटवतं आणि मिड पुढे आणतं.
- ट्रॅकमध्ये ऐकूच येत नाही: मिड वाढवा. गेन वाढवला तर आवाज आणखी सपाट होतो.
- कॉर्डमधले स्वर वेगळे कळत नाहीत: गेन कमी करा. रेकॉर्डिंगमध्ये घरच्या सरावापेक्षा कमी गेन लागतो.
- सगळंच निर्जीव वाटतं: थोडा छोटा रिव्हर्ब द्या. जवळच्या माईकच्या आयआरमध्ये खोली जवळपास नसतेच.

एका वेळी एकच नॉब हलवा. कॅब स्थिर असल्यामुळे प्रत्येक नॉब काय करतो हे हळूहळू कानात बसेल.

९. सगळे पॅच एकाच पायावर उभे करा

क्लीन, क्रंच, लीड असे तीन पॅच करा. अॅम्प वेगळे चालतील, पण कॅब आणि दोन्ही कट तेच. सोलोला पुढे यायचं असेल तर २ ते ३ डेसिबल पातळी आणि थोडा मिड वाढवा. कॅब बदलून सोलो पुढे आणायला गेलात तर गाण्याच्या मधेच दुसरा गिटारवादक आल्यासारखं होतं. ऑर्केस्ट्रात थेट मिक्सरमध्ये वाजवणाऱ्यांना याचा मोठा फायदा होतो: साउंडवाल्याने तुमच्या चॅनेलवर एकदा लावलेला इक्वलायझर रात्रभर चालतो.

१०. बाहेर जाणारा मार्ग तपासा

हेडफोन, मॉनिटर, मिक्सर यांच्याकडे जाताना कॅब चालू हवी. प्रोसेसर खऱ्या गिटार अॅम्पच्या रिटर्नमध्ये लावून त्याच्याच स्पीकरमधून वाजवत असाल तर कॅब बंद करा. दोन्ही एकदम हवं असेल तर सिग्नल कॅबच्या आधी फोडा.

आवाजाची पातळीही लक्षात ठेवा. हलक्या आवाजात कानाला बास आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिलं. रात्री शेजाऱ्यांना सांभाळून लावलेला टोन हॉलमध्ये म्हणूनच घुमतो आणि टोचतो. पॅचची शेवटची तपासणी बोलण्याच्या आवाजाहून मोठ्या पातळीवर करा, आणि स्टेजवर गडबड वाटली तर अॅम्पचा बास आणि प्रेझेन्स एवढेच हलवा.

कॅब बदलायची कधी

सात तारांची किंवा खाली लावलेली गिटार घेतलीत, किंवा दुपदरी रिदममध्ये डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी कॅब मुद्दाम हवी असेल, तर बदल रास्त आहे. मात्र ती जोडीही मग कायम ठेवा. चालू काम पूर्ण होईपर्यंत नवा आयआर लोड करू नका. एका अल्बमची किंवा एका कार्यक्रमाची सगळी गाणी एकाच कॅबवर पार पाडा. नंतर नवा उमेदवार आलाच तर त्याला पहिल्या पायरीवरच्या त्याच रेकॉर्डिंगवर, सारख्या पातळीला, जुन्या कॅबच्या समोर उभा करा. तो उघडपणे सरस ठरला नाही तर फाईल पुसून टाका.