कृत्रिम खुबा आणि बहुवारिकातील तडे
सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन वापरले. या चिवट बहुवारिकातही तडा पावलागणिक पडणाऱ्या ताणाने कणाकणाने वाढतो. कारण त्याच्या टोकाशी ताण एकवटतो. पूर्वी निर्जंतुकीकरणासाठी हवेत दिलेल्या गॅमा किरणांनी रेणुशृंखला तुटत व ऑक्सिडीकरण होऊन वाटी ठिसूळ बने. किरणांनीच शृंखलांमधील आडवे बंध वाढविले, तर झीज घटते. परंतु शृंखलांची ताणले जाण्याची क्षमता उणावून तड्याला होणारा विरोधही घटतो. म्हणून अशा वाटीची कड फार पातळ नसावी आणि स्टेमची मान तिच्यावर आदळणार नाही, अशाच कोनात ती बसवावी. अन्यथा झीज टळूनही कड तुटते आणि रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागते.