शाळेतला हिरो कॉलेजात मागे का पडतो?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलाच्या हायस्कूलमधले अमेरिकन फुटबॉलचे हिरो कॉलेजात दिसेनासे होतात. असं का?

उत्तर : तुमच्याच राज्यातल्या शुगर लँडच्या केन हॉलचं पाहा. १९५० ते १९५३ या काळात शाळेकडून खेळताना त्याने चेंडू घेऊन ११,२३२ यार्ड धाव घेतली. हा राष्ट्रीय विक्रम २०१२पर्यंत टिकला. पण टेक्सास ए अँड एममध्ये प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी त्याला फुलबॅक आणि बचावफळीतला लाइनबॅकर म्हणून वापरलं. तिथे त्याचं मन रमेना. त्याने संघच सोडला. इतक्या गुणी मुलाचं असं व्हावं, याची मला आजही हळहळ वाटते.

दुसरं कारण शरीराचं. शरीर लवकर भरलेला मुलगा शाळेत निव्वळ ताकदीवर जिंकतो. कॉलेजात समोर एकविशी-बाविशीचे तितकेच धिप्पाड गडी असतात. मग तंत्रातले कच्चे दुवे उघडे पडतात, डावपेचांची जाडजूड वही पाठ होत नाही. त्यात दुखापत झाली की जागा दुसऱ्याची.

हॉलचा विक्रम मोडणारा डेरिक हेन्रीही अलाबामात पहिल्या वर्षी फारसा खेळला नव्हता. पण २०१५मध्ये त्याने कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी मिळवली. म्हणून पहिलं वर्ष बाकावर गेलं तर घाबरू नका. मात्र प्रवेशाआधी प्रशिक्षकांना स्पष्ट विचारा : मुलाला कोणत्या जागी खेळवणार?